इंजिनाचा ठोका जातो आणि परत येतो: आधी आवाजाची वेळ पकडा, मग पाना उचला

साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढायला लागलं की तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये बॉनेटखालून खणखण सुरू होते आणि माथ्यावर पोचलं की थांबते. गॅरेजमध्ये नेली की गाडी गप्प. मग ऑइल बदललं जातं, प्लग बदलले जातात, पंधरा दिवस बरे जातात आणि पुढच्या घाटाला पुन्हा तीच खणखण. ही तक्रार परत परत येते, कारण "ठोका" या एकाच शब्दात आपण आठ-दहा वेगवेगळे दोष कोंबतो. त्यातले काही एका होज क्लिपने बरे होतात, आणि एक-दोन असे असतात की त्यांच्यासह मोलेहून अनमोडला निघालात तर परत टेम्पोवर यावं लागेल.

आवाजाच्या वर्णनावर फार विसंबू नका. एकाला टकटक वाटतं ते दुसऱ्याला ठकठक वाटतं. आवाज केव्हा येतो हे मात्र कोणीही सांगू शकतो, आणि निदान तिथूनच होतं. इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत रेस दिल्यावर की फक्त चढावर, ओझ्याखाली? कितव्या आरपीएमला? क्लच दाबल्यावर बदलतो का? एक सकाळ आणि एक घाट एवढ्यात या चार प्रश्नांची उत्तरं मिळतात. ती कागदावर लिहून मेकॅनिकच्या हातात द्या. "आवाज येतो, बघा जरा" असं सांगून चावी दिलीत तर तो त्याच्या सवयीचा भाग बदलणार, आणि त्यात त्याची फारशी चूकही नाही.

सगळ्यात आधी ऑइलची पट्टी

गाडी सपाटीवर उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं जाऊ द्या. पट्टी काढून पुसा, परत घाला, पुन्हा काढा. बहुतेक छोट्या गाड्यांत किमान आणि कमाल खुणांमध्ये सुमारे एक लिटरचं अंतर असतं. चार सिलिंडरच्या छोट्या पेट्रोल इंजिनात एकूण ऑइलच तीन-साडेतीन लिटर. म्हणजे पातळी खालच्या खुणेवर आली की जवळजवळ एक तृतीयांश ऑइल गायब आहे. सपाट रस्त्यावर याचा पत्ता लागत नाही. घाटातल्या आखूड वळणावर उरलेलं ऑइल चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याच्या, एका बाजूला सरकतं, पंपाची जाळी क्षणभर उघडी पडते आणि ऑइलऐवजी हवा ओढली जाते. फक्त वळणावर दोन-तीन सेकंद टकटक येत असेल तर पहिला संशय हाच. ऑइल भरून आवाज गेला तरी ते गेलं कुठे हा प्रश्न उरतोच: गळती, झिजलेल्या रिंगा की व्हॉल्व्हचे सील?

पट्टीचा वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल पातळ झालेलं आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरी साय दिसली म्हणून घाबरू नका. पर्वरी ते पणजी एवढीच रोजची धाव असेल तर पावसाळ्यात इंजिन पुरतं तापत नाही आणि दमटपणाची साय झाकणाला धरते. तीच साय पट्टीवरही असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट तपासावं लागेल.

ऑइलचा लाल दिवा लागला की तिथेच थांबा. हा दिवा दाब मोजून सांगत नाही. दाब जवळजवळ संपला, साधारण ०.३ ते ०.५ बारपर्यंत आला, की मगच तो पेटतो. तोवर बेअरिंगांनी कोरडं फिरायला सुरुवात केलेली असते.

चढावर येते, उतारावर जाते

गोव्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार ही, आणि सगळ्यात जास्त चुकीची कामंही हिच्यावरच होतात. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा हा बारीक, धातूचा आवाज असतो. ॲक्सिलरेटर दाबला की येतो, सोडला की लगेच जातो. यात कुठलाच भाग सैल झालेला नसतो. प्लगच्या ठिणगीने मिश्रण पेटतं आणि ज्योत पसरत जाते. ती पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकतं. त्या भडक्याची लाट पिस्टनवर आणि हेडच्या भिंतींवर आदळते, तो हा आवाज. म्हणून टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारा भाग) सेट करून किंवा जाड ऑइल घालून तो जात नाही.

खात्री करणं सोपं आहे. तोच चढ, तेवढीच माणसं, एसी तसाच चालू, फक्त एक गिअर खाली घ्या आणि इंजिन तीन हजार आरपीएमच्या आसपास फिरू द्या. आवाज गेला तर निदान झालं. निम्म्या वेळा दुरुस्तीही तिथेच संपते: करमल घाटात चौथ्या गिअरमध्ये १४०० आरपीएमला पाय खाली दाबून धरला तर कोणतंही इंजिन कुरकुर करेल. इंधन वाचवण्याच्या नादात ही सवय लागते. वाचत काहीच नाही, पिस्टन तेवढे मार खातात.

गिअर बरोबर असूनही खणखण होत असेल तर इंधनाची चाचणी घ्या. टाकी पावपर्यंत खाली आणा, साध्यापेक्षा जास्त ऑक्टेनचं, म्हणजे असं आपोआप भडकणं जास्त रोखणारं, पेट्रोल भरा, पन्नासेक किलोमीटर चालवा आणि पुन्हा त्याच घाटात न्या. आवाज थांबला तर दोष यांत्रिक नाही एवढं पक्कं झालं. पण कायम महाग पेट्रोल भरत राहणं म्हणजे ताप आला की गोळी घेऊन आजार तसाच ठेवणं. ई-२० येण्याआधी भारतात साध्या बीएस-६ पेट्रोलचा किमान ऑक्टेन ९१ होता आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्या साध्या पेट्रोलवर चालतील अशाच बनवलेल्या आहेत. काल साध्या पेट्रोलवर गप्प चालणाऱ्या इंजिनाला आज जास्त ऑक्टेन का लागतंय, याचं उत्तर शोधायचं.

बहुतेकदा ते उत्तर उष्णता असतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात, तांबड्या धुळीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीच्या रेडिएटरच्या आणि एसी कंडेन्सरच्या पात्यांत माती घट्ट बसते. समोरून दाबाचा फवारा मारला तर ती आणखी आत जाते, पाती वाकतात ते वेगळंच. पंखा काढून इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेला, कमी दाबाने धुवा. कूलंटमध्ये विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घालू नका. तयार कूलंट वापरा, नाहीतर घट्ट कूलंटमध्ये निम्मं डिस्टिल्ड पाणी मिसळा. डॅशबोर्डवरच्या काट्यावरही जाऊ नका. बऱ्याच गाड्यांत ७५ अंशापासून १०५ पर्यंत काटा मध्येच बसून राहतो, कारण तो तसाच बनवलेला असतो. ओबीडी पोर्टला (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला) स्कॅनर लावून घाटात खरा आकडा पाहा. ८५ ते ९८ ठीक. १०५ ओलांडत असेल तर थर्मोस्टॅट, पंखा आणि वॉटर पंप या क्रमाने तपासा.

त्याच स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचा, म्हणजे इंजिनाचा संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो त्याचा, आकडा दिसतो. लाँग टर्म ट्रिम अधिक १० टक्क्यांच्या पुढे सतत राहत असेल तर इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. असं कोरडं मिश्रण जास्त तापतं आणि लवकर भडकतं. इंटेक मॅनिफोल्डचे रबरी पाइप आपल्या हवेत तडकतात. अशी बारीक गळती स्मोक टेस्टमध्ये (पाइपांत धूर सोडून) पाच मिनिटांत सापडते, डोळ्यांनी तासभर शोधून सापडत नाही. पाइप ठीक असतील तर फ्युएल फिल्टर, पंपाचा दाब, घाण झालेला एअर फ्लो सेन्सर आणि चोंदलेले इंजेक्टर.

मग कार्बन. छोट्या अंतरांवरच फिरणाऱ्या गाडीत पिस्टनच्या डोक्यावर आणि ज्वलन कक्षात काजळीचा थर बसतो. थरामुळे जागा कमी होते, दाब वाढतो, शिवाय तापलेली काजळी निखाऱ्यासारखी मिश्रण पेटवते. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये (सिलिंडरमधला दाब मोजण्याच्या चाचणीत) चारही सिलिंडरचे आकडे मॅन्युअलपेक्षा वर आले तर खूश होऊ नका, तो कार्बन आहे. प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला की थर दिसतोच. उपाय म्हणजे पॉलिइथरअमाइन असलेलं इंजेक्टर क्लीनर, भरल्या टाकीत एक बाटली, लागोपाठ दोन टाक्या, आणि त्यानंतर ऑइल बदल. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या जीडीआय इंजिनात याने इंजेक्टर आणि पिस्टन साफ होतात, इंटेक व्हॉल्व्ह होत नाहीत, कारण पेट्रोल त्यांच्यावरून वाहतच नाही. ते मॅनिफोल्ड काढूनच साफ करावे लागतात.

प्लग चुकीच्या हीट रेंजचा, म्हणजे उष्णता पुरेशी बाहेर न टाकणारा, असेल तरी हेच होतं. इथे गंमत अशी की एनजीकेच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड, आणि बॉशच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग गरम. दुकानदाराने "त्याच नंबरचा, दुसऱ्या कंपनीचा" म्हणून दिलेला प्लग नेमका उलटा निघू शकतो. गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवा, बहुतेक गाड्यांत ०.८ ते १.१ मिमी.

ठोका ऐकणाऱ्या नॉक सेन्सरबद्दल एक गैरसमज आहे. सेन्सर मेला की गाडी ठोकते असं समजलं जातं. प्रत्यक्षात त्याचं सर्किट तुटलं की पी ०३२५ किंवा त्याच्या आसपासचा कोड येतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, सावधगिरी म्हणून ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. गाडी ठोकत नाही, मंद होते, पेट्रोल जास्त खाते. खरा त्रास अर्धवट चालणाऱ्या सेन्सरचा. खाऱ्या हवेने त्याच्या बुडाशी गंज धरलेला असतो, किंवा कोणीतरी हाताच्या अंदाजाने आवळलेला असतो. कोड येत नाही, पण सेन्सरला ठोका नीट ऐकूच जात नाही. काढून ब्लॉकवरची जागा स्वच्छ घासा, कनेक्टरला कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि टॉर्क पान्याने आवळा. या सेन्सरचा टॉर्क बहुधा २० न्यूटन-मीटर असतो. खाली वॉशर घालू नका.

राहता राहिलं इथेनॉल. पंपावरच्या ई-२० मध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे, म्हणजे ठोका येण्याला त्याचा उलट विरोधच होतो. अडचण दुसरीकडे आहे. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा पट. ऑक्सिजन सेन्सर धड असेल तर ईसीयू जास्त पेट्रोल सोडून हे जुळवून घेतो. सेन्सर आळसावलेला असेल किंवा गाडी कार्ब्युरेटरवाली जुनी असेल तर मिश्रण कोरडं पडतं. दुसरी अडचण पाण्याची. इथेनॉल पाणी ओढून घेतं. प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाला बसतं, आणि वर उरलेल्या पेट्रोलमधून ऑक्टेन वाढवणारा घटकच निघून जातो. पावसाळ्यात पेट्रोल भरल्याबरोबर गाडी अडखळायला आणि ठोकायला लागली तर काचेच्या पारदर्शक बाटलीत नमुना काढून अर्धा तास ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करण्यावाचून इलाज नाही. पंपावर फिल्टर पेपर आणि घनतेची चाचणी मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. मागायला संकोच करू नये.

टर्बो पेट्रोलची गोष्ट निराळी. तिथे १५०० ते २००० आरपीएममध्ये वरच्या गिअरला पाय दाबला की सलग खणखण न होता एखाद-दुसरा जोरदार ठोका बसतो. ऑइलचे थेंब किंवा काजळी ठिणगीच्या कितीतरी आधीच मिश्रण पेटवते, त्याचा हा परिणाम, आणि अशा दोन-चार ठोक्यांत पिस्टनची कड तुटू शकते. इथे ऑक्टेन वाढवून भागत नाही. एपीआय एसपी दर्जाचं ऑइल घाला, जे २०२० पासून याच दोषाचा विचार करून आलं, आणि गिअर खाली घ्या.

सकाळी पहिल्या सेल्फला

इथे घड्याळ लावा. दोन-तीन सेकंद खरखर होऊन थांबते? ऑइल फिल्टर आधी पाहा. चांगल्या फिल्टरमध्ये रबरी झडप असते, तिच्यामुळे रात्रभर ऑइल फिल्टरमध्येच राहतं. स्वस्त फिल्टरची झडप कडक होते, ऑइल चेंबरमध्ये उतरतं, आणि सकाळी वरचा भाग काही क्षण कोरडा फिरतो. सर्व्हिसिंगनंतर सकाळची खरखर सुरू झाली असेल तर नव्वद टक्के फिल्टरच. मूळ कंपनीचा बसवा.

फिल्टर चांगला असूनही खरखर टायमिंग कव्हरच्या बाजूने येत असेल तर चेन आणि टेन्शनर. चेन कधी बदलावी लागत नाही असं सांगून गाड्या विकल्या जातात. वेळेवर ऑइल बदललं तर ते खरंही ठरतं. ऑइलला उशीर झाला की चेनच्या पिना झिजतात, चेन लांबते आणि ऑइलच्या दाबावर चालणारा टेन्शनर शेवटच्या दात्यापर्यंत बाहेर येतो. पी ००१६ (क्रँक आणि कॅमची वेळ जुळत नाही) कोड आला तर चेन लांबल्याचा मोठा संशय. बदलताना चेन, टेन्शनर, गाइड आणि गिअर एकत्रच बदला. नुसता टेन्शनर बदलला की सहा महिन्यांत खरखर परत.

आवाज दोन ते पाच मिनिटं टिकून मग विरत असेल तर दोन शक्यता. एक, पिस्टन आणि बोअरमधली फट: थंडीत पिस्टन आखडलेला असतो आणि भिंतीवर आपटतो, तापला की फुगून बसतो. ऑइल खात नसेल, धूर नसेल, तर अशी गाडी वर्षानुवर्षं चालते, इंजिन खोलू नका. दुसरी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून फटफट. धातू तापून पसरला की फट बुजते आणि आवाज जातो. जोडाजवळ काळी रेघ दिसते. हे गॅस्केट बदलणं स्वस्तातलं काम आहे आणि ते टॅपेटचा आवाज म्हणून सर्रास खपवलं जातं.

खरा टॅपेट इंजिनाच्या निम्म्या वेगाने वाजतो, कारण कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो. प्लगला वीज देणारी कॉइल काढली तरी तो आवाज बदलत नाही. फट थंड इंजिनावर फीलर गेजने मोजा. कित्येक इंजिनांत इनटेकला ०.१५-०.२० आणि एक्झॉस्टला ०.२५-०.३० मिमीच्या आसपास असते, पण आकडा तुमच्या मॅन्युअलमधलाच घ्या. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत उलटा धोका असतो: सीट झिजून फट कमी कमी होत जाते, टॅपेट एकदम शांत होतो आणि व्हॉल्व्ह जळतो. शांत टॅपेट म्हणजे निरोगी टॅपेट असं समजू नका.

गरम झाल्यावर, खोल, जड ठकठक

आता खरं संकट. इंजिन गरम होतं, ऑइल पातळ होतं आणि खालून हातोडीचा घाव बसावा तसा आवाज येतो. उभ्या गाडीत दोन-अडीच हजारांवर रेस धरा आणि अलगद सोडा. सोडण्याच्या क्षणी ठकठक स्पष्ट झाली तर कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलेलं आहे. त्याहून जाड, दबका आणि ओझ्याखाली वाढणारा आवाज मेन बेअरिंगचा. आयडलला, म्हणजे रेस न देता, टणटण असा जोडीचा ठोका असेल तर गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन).

कोणत्या सिलिंडरचा ते शोधायला एकेका कॉइलचा कनेक्टर काढा, दहा सेकंद ऐका, परत लावा. जास्त वेळ ठेवू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. कनेक्टर काढल्यावर ठोका मंदावला तर रॉड त्याच सिलिंडरचा. ऐकायला मेकॅनिकचा स्टेथोस्कोप घ्या, नाहीतर लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाशी आणि टोक ब्लॉकवर. पट्ट्याजवळ वाकताना ओढणी, सैल बाह्या आणि गळ्यातली साखळी सांभाळा.

मग दाब मोजा. ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावा आणि इंजिन पूर्ण गरम करा. ढोबळ हिशेब असा: दर हजार आरपीएमला १० पीएसआय. गरम इंजिनाला आयडलवर १० च्या खाली किंवा दोन हजारांवर २० च्या खाली आकडा असेल तर दाब कमी आहे. दाब कमी म्हणजे पंप खराब असंच नाही. आधी चेंबरला खालून हात लावून पाहा. आतल्या गावांच्या रस्त्यांवर दगडाला किंवा उंच गतिरोधकाला चेंबर घासून आत दबतो, त्याचा पत्रा पंपाच्या जाळीला चिकटतो आणि इंजिन उपाशी राहतं. चेंबर मागे कधी काढला असेल तर जाळीत सिलिकॉन गॅस्केटचे तुकडे अडकलेले सापडतात. पेस्ट हात सैल सोडून लावली की बाहेर जेवढी दिसते तेवढीच आतही पसरते.

पक्का पुरावा फिल्टरमध्ये असतो. जुना फिल्टर करवतीने न कापता, कटरने कापा, कागदाच्या घड्या उलगडा, उन्हात धरा. चकाकणारे राखाडी किंवा तांबूस कण दिसले आणि लोहचुंबकाला चिकटले नाहीत, तर तो बेअरिंगचा धातू. चिकटणारे कण चेन, कॅम किंवा क्रँकचे. कण दिसल्यावर गाडी चालवून गॅरेजला नेऊ नका, टो करा.

इथेच एक सल्ला हमखास मिळतो: २०डब्ल्यू-५० घाला, आवाज जाईल. जातो, महिनाभर. जाड ऑइल झिजलेली फट भरून काढतं, झीज चालूच राहते, आणि ज्या इंजिनात ०डब्ल्यू-१६ किंवा ५डब्ल्यू-३० सांगितलं आहे तिथे ते व्हॉल्व्ह टायमिंगच्या बारीक वाहिन्यांतून वेळेत पोचत नाही. गाडी विकायच्या आधी हा उपाय फार होतो. जुनी गाडी घेताना म्हणूनच ती तासभर पळवून गरम करा आणि मग ऐका.

पाण्यातून गेल्यानंतर काही आठवड्यांनी

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, ढकलून बाहेर काढली, दुसऱ्या दिवशी चालू झाली, सगळे विसरले. चवथीच्या सुमारास बारीक ठोका सुरू झाला. या दोन गोष्टींचा संबंध कोणी जोडत नाही. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी दबत नाही. झटका रॉड सोसतो आणि किंचित वाकतो. इंजिन चालतं, पण पिस्टन तिरका घासत राहतो, बेअरिंगवर एका कडेने भार येतो, आणि एक दिवस रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

तपासणी हेड न उतरवता होते. चारही प्लग काढा. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, फिरण्याच्याच दिशेने फिरवा. प्रत्येक सिलिंडरच्या भोकात गुळगुळीत लाकडी काडी उभी धरा आणि पिस्टन सगळ्यात वर आला की काडीवर खूण करा. चारही खुणा एका रेषेत हव्यात. एक पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली राहिला तर तो रॉड वाकलेला. त्याच सिलिंडरचं कॉम्प्रेशनही कमी येईल. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांत १५ टक्क्यांहून अधिक फरक नको.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. बॅटरी काढा, गाडी ओढून न्या, प्लग काढल्यावरच इंजिन फिरवा. पुन्हा मारलेल्या सेल्फनेही रॉड वाकू शकतो.

इंजिनाचा वाटतो, पण नाही

हे भराभर तपासा. किनाऱ्यालगत एक्झॉस्टच्या हीट शील्डचे बोल्ट गंजून सैल होतात आणि ठराविक आरपीएमला पत्रा झांज वाजवतो. गाडी थंड असताना मूठ आपटून पाहा, आवाज तोच असेल तर स्टीलची होज क्लिप गुंडाळा. एसी चालू-बंद केल्यावर बदलणारा आवाज कंप्रेसरच्या क्लचचा. पट्टा काढून फक्त अर्धा मिनिट इंजिन चालवल्यावर जाणारा आवाज अल्टरनेटर, वॉटर पंप किंवा टेन्शनर पुलीचा. क्लच दाबल्यावर थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा किंवा ड्युअल मास फ्लायव्हीलचा, दाबल्यावर सुरू होणारा रिलीज बेअरिंगचा. गाडी सुटताना आणि रिव्हर्स घेताना एकदाच "धप" झालं तर इंजिन माउंट. फक्त खड्ड्यांत येणारा ठोका सस्पेन्शनच्या लिंक रॉडचा, त्याचा इंजिनाशी संबंध नाही.

डिझेल गाडी मुळातच ठोकते, तिथे आवाज वाढला का एवढंच पाहायचं. एका इंजेक्टरचा कनेक्टर काढल्यावर आवाज साफ गेला तर इंजेक्टर टेस्ट बेंचवर पाठवा. रॉडचा दोष मंदावतो, पूर्ण जात नाही.

बेअरिंग बदलूनही ठोका परत का येतो

कारण बेअरिंग का मेलं हे पाहिलेलं नसतं. नवीन बेअरिंग जुन्या, ओरखडलेल्या क्रँकवर बसवलं तर ते काही हजार किलोमीटरमध्ये खलास. क्रँकच्या प्रत्येक जर्नलला (बेअरिंग बसतं त्या गोल भागाला) मायक्रोमीटर लावा. गोलाई गेली असेल किंवा नखाला रेघ लागत असेल तर क्रँक ग्राइंडिंगला जातो आणि ०.२५ किंवा ०.५० मिमी अंडरसाइझ बेअरिंग घ्यावं लागतं. बसवताना प्लास्टिगेजची (दबून फट दाखवणाऱ्या प्लास्टिकची) दोरी ठेवून फट मोजा. साधारण ०.०२ ते ०.०५ मिमी येते. मर्यादा मॅन्युअलमध्ये आहे. रॉडचे बोल्ट बऱ्याच आधुनिक इंजिनांत एकदाच ताणण्याचे असतात, आधी टॉर्क आणि मग ठराविक अंश. ते पुन्हा वापरू नका. रॉड आणि त्याची टोपी ही जोडी असते, अदलाबदल झाली तर नवीन बेअरिंगही वाया.

धातूचे कण फक्त चेंबरमध्ये नसतात. ऑइल कूलर, पंप, क्रँकच्या आतल्या वाहिन्या, टर्बोची नळी, टेन्शनर: सगळीकडे गेलेले असतात. क्रँकच्या वाहिन्यांच्या बुच्च्या काढून आत ब्रश फिरवा. ऑइल कूलर धुऊन पुरता साफ होत नाही, तो बदलाच. पंपाच्या गिअरवर ओरखडे असतील तर पंपही.

जोडणी झाल्यावर प्लग काढून ठेवा, इंजेक्शनचा फ्यूज काढा आणि गेजवर दाब दिसेपर्यंत सेल्फ फिरवा, एका वेळी दहा सेकंद. त्यानंतरच इंजिन पेटवा. पहिलं ऑइल आणि फिल्टर ५०० किलोमीटरला बदला, आणि तो फिल्टर टाकून न देता कापून बघा. त्यात पुन्हा चकाकी दिसली तर घाटात जायच्या आधी चेंबर उतरवा.